मदत हवी आहे: नागपुरात सिफिलिसची तपासणी कुठे करावी?

नाव न टाकता लिहितोय, समजून घ्या. सहा वर्षांपासून एआरटी (एचआयव्हीवरच्या गोळ्या) सुरू आहे, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला. म्हणून निर्धास्त होतो. पण या गोळ्या एचआयव्हीला रोखतात, सिफिलिस-गनोरियासारख्या लैंगिक आजारांना नाही, हे जोडीदाराची व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आल्यावर डोक्यात शिरलं. मला काहीच त्रास नाही. पण लक्षणं नसतानाही लागण असू शकते. एका खाजगी दवाखान्यात गेलो, तर तपासणीपेक्षा प्रवचनच जास्त झालं!

मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत यासाठी कुणी गेलंय का? पुरुषांशी संबंध आहेत म्हटल्यावर वागणूक कशी मिळते? नुसतं रक्त-लघवी बघतात की घशाचा, गुदद्वाराचा स्वॅबही घेतात? पेनिसिलिनचं इंजेक्शन तिथेच देतात का? इनबॉक्समध्ये सांगितलं तरी चालेल.