हर की दून : ६६ वर्षांचे सासरे आणि ११ वर्षांची मुलगी सोबत, मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही साताऱ्याचे. दिवाळीच्या सुट्टीत उत्तराखंडात हर की दूनचा ट्रेक करायचं घाटतंय. मी, नवरा, ११ वर्षांची लेक आणि ६६ वर्षांचे सासरे. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो आणि हट्टही त्यांचाच आहे. पांडव स्वर्गारोहिणीच्या वाटेने गेले हे त्यांनी लहानपणापासून कीर्तनात ऐकलंय, तो डोंगर एकदा डोळ्यांनी बघायचाय. सासूबाई गेल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागितलंय, त्यामुळे मला नाही म्हणवत नाही.

पाय दणकट आहेत. रोज पहाटे अजिंक्यतारा चढून मंगळाईचं दर्शन घेऊन चहाला घरी हजर. परवा मुद्दाम त्यांच्याबरोबर गेले, तर मीच दोनदा धाप लागून थांबले आणि ते वर दरवाज्यापाशी उभे राहून माझी वाट बघत होते. पण अजिंक्यतारा हजार मीटरच्या आसपास, आपलं कळसूबाई शिखरसुद्धा १६४६ मीटर. हर की दून ३५६६ मीटरवर आहे. विरळ हवा कोणाला बाधेल हे तब्येतीवरून सांगता येत नाही, तरण्याताठ्या माणसालाही बाधते. त्यात अण्णांना बीपीची गोळी चालू आहे आणि काही झालं तरी ते बोलत नाहीत. मागे टाचेत काच घुसली होती, दोन दिवस कोणाला पत्ता नाही. रक्ताने कडक झालेला मोजा धुवायला घेतला तेव्हा मला कळलं. तिथे डोकं दुखायला लागलं तर हा माणूस सांगेल का, या विचाराने मला झोप लागत नाही.

एका ट्रेकवाल्यांना फोन केला. 'काकांना काही होत नाही ताई, बिनधास्त आणा,' म्हणाले. बीपीचा विषयसुद्धा काढला नाही, याचा मला फार राग आला. त्यांच्या बेतात ओसला या वाटेतल्या गावाहून निघून त्याच दिवशी वर हर की दूनला मुक्काम आहे. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला पाचशेहून जास्त वाढवू नये म्हणतात, इथे एका रात्रीत त्याहून बरीच जास्त वाढते. त्याच दिवशी खाली परत यायचं तर जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर चाल होते. मध्ये कलकत्तियाधारला एक मुक्काम वाढवला तर अण्णांना सोपं जाईल का? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कसं केलं?

डॉक्टरांनी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट सांगितली आहे. डायमॉक्सचं (विरळ हवेचा त्रास टाळायची गोळी) सल्फाची अ‍ॅलर्जी वगैरे बघून ठरवू म्हणाले.

लेकीचा प्रश्न वेगळा. तिला गाडी लागते. केळघर घाटात लिंबू हुंगत बसते तरी उलटी होतेच. आणि देहरादून ते सांक्री, म्हणजे ट्रेक जिथून सुरू होतो ते गाव, जवळजवळ २०० किलोमीटर, बहुतेक घाटच. वाटेत पुरोळ्याला रात्र काढली तर बरं पडेल का?

अण्णांना मध्येच परतावं लागलं तर मी त्यांच्याबरोबर खाली येणार आणि बापलेक पुढे जाणार, असं आमचं ठरलंय. ओसल्यापासून खाली 'तालुका' नावाच्या गावापर्यंत ऐनवेळी खेचर मिळतं का? तिथून सांक्रीला जीप? रेंजचा भरवसा नाही, म्हणून हे आधीच माहीत असायला हवं.

गोवा एक्सप्रेसचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्याआधी हो-नाही ठरवायचंय.