रोसेट फॅक्टरीची निवड जावा नेमकी कशी करते?

प्रश्न (लातूर):
नमस्कार. इथल्या आडत व्यापाऱ्यांसाठी मी हिशेबाची प्रणाली लिहीत आहे. डेटाबेसशी जोडणी तुटली तरी दिवसभराच्या आवकेच्या नोंदी हाताशी राहाव्यात, म्हणून जावाचा कॅश्डरोसेट (जोडणी नसतानाही नोंदी मेमरीत धरून ठेवणारा ऑब्जेक्ट) वापरतो. असे रोसेट बनवणारी फॅक्टरी रोसेटप्रोव्हायडर या क्लासकडून मिळते; त्याच्या न्यूफॅक्टरी या मेथडला मी फॅक्टरीच्या क्लासचे कोणतेही नाव देत नाही. तरीही लॅपटॉपवर जावाची स्वतःची फॅक्टरी मिळते आणि टॉमकॅट सर्व्हरवर भलतीच. डिफॉल्ट एकच असायला हवे ना?

उत्तर (नांदेड):
डिफॉल्ट एकच आहे, पण त्याची पाळी सर्वांत शेवटी येते. २०११ साली जावा ७ मध्ये रोसेटप्रोव्हायडर हा क्लास आला, तेव्हापासून क्रम ठरलेला आहे: आधी ‘जावाएक्स.एसक्यूएल.रोसेट.रोसेटफॅक्टरी’ ही सिस्टम प्रॉपर्टी (जावा सुरू करताना देता येणारी सेटिंग), ती नसेल तर सर्व्हिसलोडर (जार फायलींमध्ये नोंदवलेले क्लास शोधणारी जावाची सोय), आणि तिथेही काही सापडले नाही तरच जावासोबत येणारी फॅक्टरी. सर्व्हिसलोडर चालू थ्रेडच्या कॉन्टेक्स्ट क्लासलोडरमधून (त्या थ्रेडसाठी क्लास शोधून आणणाऱ्या घटकातून) शोध घेतो आणि जी पहिली फॅक्टरी सापडेल तीच स्वीकारतो. त्यामुळे सर्व्हरच्या सामाईक लिब फोल्डरमध्ये एखाद्या जारने (जावा कोडच्या गठ्ठा-फायलीने) आपली फॅक्टरी नोंदवलेली असेल, तर तुमच्या कोडला हात न लावताही निवड बदलते. ‘जावाएक्स.एसक्यूएल.रोसेट.रोसेटप्रोव्हायडर.डीबग’ ही प्रॉपर्टी ट्रू करून पाहा. शोध कुठे कुठे घेतला गेला, ते कन्सोलवर छापून येईल.

उत्तर (परभणी):
वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र उपाय म्हणून सिस्टम प्रॉपर्टी लावण्याची घाई करू नये, कारण ती संपूर्ण जेव्हीएमला (जावा चालवणाऱ्या प्रोसेसला) लागू होते आणि त्याच टॉमकॅटवरील इतर ॲप्लिकेशनांचीही फॅक्टरी बदलते. शिवाय तिच्यात दिलेला क्लास सापडला नाही तर जावा पुढच्या पायरीवर जात नाही, थेट एसक्यूएलएक्सेप्शन ही त्रुटी देते; माझ्या मते हे योग्यच आहे, कारण मागितले एक आणि गुपचूप दिले दुसरे, असे हिशेबाच्या कामात चालत नाही. न्यूफॅक्टरीचे दुसरे रूप क्लासचे नाव आणि क्लासलोडर असे दोन्ही घेते. तेच वापरावे, म्हणजे निर्णय तुमच्या कोडपुरता राहील.

प्रश्नकर्ता (लातूर):
दोघांचेही मनापासून आभार. डीबग लावताच सर्व्हिसलोडरची ओळ दिसली. पूर्वीच्या एका कामाची जार सामाईक फोल्डरमध्ये तशीच राहिली होती. ती इतरांना लागत असेल म्हणून काढली नाही, आणि कोडमध्ये क्लासचे नाव स्पष्ट दिले. आता दोन्हीकडे एकच फॅक्टरी मिळते.