कामात मन लागणं आणि तब्येत: तुमचा अनुभव काय?

कामात मन लागत नाही असं कुणी म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. काम आवडत नाही का? साहेबाशी पटत नाही का? पगार कमी पडतो का? रात्री झोप लागते का, जिना चढताना धाप लागते का, सकाळी डोळे उघडल्यापासून छातीत धडधड असते का, हे विचारणारं क्वचितच कुणी भेटतं.

मी कर्मचाऱ्यांच्या समुपदेशनाचं काम करते. 'उत्साह नाही', 'जबाबदारी घेत नाही' असा शेरा घेऊन आलेल्यांपैकी पुष्कळ जण आजारी तरी असतात, नाहीतर पार थकून गेलेले असतात. विल्यम कान या संशोधकाने उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि एका वास्तुरचना कंपनीतले कर्मचारी यांचा अभ्यास करून १९९० साली मांडलं की माणूस कामात जीव ओततो तेव्हा तीन गोष्टी जमून आलेल्या असतात. कामाला अर्थ वाटतो, मनातलं बोललं तर अंगाशी येणार नाही असा भरवसा असतो, आणि त्या घडीला शरीरात नि मनात तेवढं बळ शिल्लक असतं. पहिल्या दोन गोष्टींवर बैठका होतात. तिसरीबद्दल इथे बोलू या.

काय झालं, कुणाच्या लक्षात आलं, कशाने फरक पडला, ते लिहा. कंपनीचं किंवा दवाखान्याचं नाव नको.

हिशेबनीस

ताई, हा विषय काढलात हे फार बरं झालं.

मी लेखा विभागात आहे. ताळेबंद जुळल्यावर जे समाधान मिळतं त्यासाठीच मी या कामात आले. ते समाधानच हरवलं. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची, दुपारनंतर डोळ्यांपुढे अंधारी यायची, पायात गोळे यायचे. वार्षिक मूल्यमापनात शेरा आला, 'पुढाकार कमी झाला आहे.' मला तो खराच वाटला. आता हे काम आपल्याला पेलत नाही, असं मनाने घेतलं. राजीनामा लिहून तयार होता.

बहीण हट्टाने तपासणीला घेऊन गेली. हिमोग्लोबिन ८ च्याही खाली. बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. पाळीत खूप रक्त जात होतं, पण ते सोसायचंच असतं असं आमच्या घरातल्या सगळ्या बायका मानत आल्या होत्या. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पाळीवरही उपचार झाले. काही आठवड्यांत धाप कमी झाली. शरीरातला लोहाचा साठा भरायला मात्र महिने लागतात, तेवढे लागले. मग एकदा तिमाहीचे आकडे घेऊन बसले आणि जेवायची वेळ कधी टळून गेली ते कळलंच नाही. काम तेच, वरिष्ठ तेच, टेबल तेच. बदललं होतं ते रक्त.

त्या शेऱ्याच्या जागी 'तुझी तब्येत बरी आहे ना?' एवढं कुणी विचारलं असतं, तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

चाक

माझं थोडक्यात. लांब पल्ल्याची गाडी चालवतो. मी घोरतो म्हणजे गाढ झोपतो असं घरी सगळ्यांना वाटायचं. प्रत्यक्षात झोपेत माझा श्वास अडायचा आणि दर वेळी मेंदू मला अर्धवट जागं करायचा. सकाळी डोकं जड, दिवसभर चिडचिड, कामाचा कंटाळा. झोपेची तपासणी झाली आणि रात्री मास्कचं मशीन लावायला लागलो. चालकांनी ही तपासणी जरूर करून घ्यावी, कारण आमचं मन कामावर नसेल तर जीव जातात, स्वतःचे आणि दुसऱ्यांचेही.

रातपाळी

माझ्या बाबतीत उलटं होतं. माझं कामात मन कमी नव्हतं, नको तेवढं होतं. अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा फोन करून माझ्या रुग्णांची चौकशी करायचे. सगळे कौतुक करायचे. मग हळूहळू मी रुग्णांना खाटेच्या नंबराने ओळखायला लागले. नातेवाईक समोर रडत असले तरी आत काही हलायचं नाही. शेवटी वाटायला लागलं, आपण इथे असलो काय नि नसलो काय.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआउटची जी तीन अंगं सांगितली आहेत ती हीच: पार थकून जाणं, कामापासून आणि माणसांपासून तुटणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित स्थिती म्हटलं आहे. कारण दिलं आहे ते कामाच्या ठिकाणचा सततचा, नीट न हाताळलेला ताण. ते वाचून मला मोठा आधार वाटला. दोष माझ्या स्वभावात शोधायचं थांबलं.

आम्हाला ध्यानाचं शिबिर दिलं होतं. ते चांगलंच होतं. पण नव्या मेट्रन आल्या आणि त्यांनी पाळ्यांचं वेळापत्रक आधी हातात द्यायला सुरुवात केली, लागोपाठच्या रातपाळ्या कमी केल्या. रुग्ण दगावला की त्या पाळीतले सगळे थोडा वेळ एकत्र बसतात आणि बोलतात, हेही त्यांनीच सुरू केलं. सलग झोप आणि ते बोलणं, यांची सर शिबिराला नाही.

अर्धविराम

'कामात गुंतवून घे, बरं वाटेल' हे मला नैराश्याच्या काळात इतक्यांनी ऐकवलं! मी प्रोग्रामर आहे. रोज वेळेवर हजर असायचो, बैठकीत मान हलवायचो, आणि दिवसअखेर हातून काहीच झालेलं नसायचं. नैराश्य आणि चिंताविकारांपायी जगभरात दरवर्षी सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस बुडतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. माझ्यासारखी खुर्चीत बसलेली माणसं तर हजेरीपटावर दिसतही नाहीत.

औषधं सुरू झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने मी अर्धा दिवस कामावर जायला लागलो. टीमलीडने मला छोटी, त्याच दिवशी संपणारी कामं दिली. तेव्हा मात्र कामानेच मला हात दिला. दिवसातून एक तरी गोष्ट पूर्ण व्हायची. म्हणजे लोकांचा सल्ला खोटा नव्हता, वेळ आणि मात्रा चुकत होती.

हेडफोन

मी ग्राहकसेवेत फोन घेतो. आधीच्या नोकरीत दोन कॉलमधला वेळ सेकंदांत मोजायचे. लघवीला जायचं तरी हात वर करायचा. रक्तदाब तिथेच लागला.

रॉबर्ट करासेक या संशोधकाने १९७९ मध्येच दाखवलं होतं की कामाची मागणी मोठी आणि स्वतः ठरवायची मुभा कमी, हा जोड माणसाला सगळ्यात जास्त ताण देतो. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासातही खालच्या पदांवर हृदयविकार जास्त आढळला आणि कामावर ताबा नसणं हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण निघालं. आता दुसरीकडे आहे. शिव्या तशाच ऐकतो, पण ठरावीक रकमेपर्यंतची भरपाई मी स्वतः देऊ शकतो आणि उठायची वेळ माझी मी ठरवतो. आता मी समोरच्याचं खरंच ऐकतो.

कुंचला

सगळ्यांचे अनुभव वाचून एक सांगावंसं वाटतं. आजार आला की मन उडालंच, असं धरू नका. मला संधिवात आहे. सकाळी बोटं वळत नाहीत. मी पुस्तकांसाठी चित्रं काढते, आणि माझं मन या कामात पूर्वीइतकंच आहे. मला दया नको, वेळ हवा. माझं काम दुपारी सुरू होतं आणि प्रकाशकाला ते मान्य आहे, एवढ्यावर सगळं निभावतं. काही जणांनी 'झेपेल का' म्हणून परस्पर काम देणंच बंद केलं. दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं.

धागाकर्ती

कुंचलाताई, हे फार मोलाचं आहे. माझ्याकडे येणाऱ्या वरिष्ठांना मी हेच सांगते, अंदाज बांधू नका, त्या माणसालाच विचारा.

पर्यवेक्षक

मी दुसऱ्या बाजूचा. आमच्याकडे उशिरापर्यंत थांबणारा तो मन लावून काम करणारा, असंच धरलं जायचं. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. हे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडलं. तो तक्ता मी व्यवस्थापनासमोर ठेवला आणि आमच्या विभागात रात्रीचे मेसेज बंद करून घेतले. कुणाचं काम अचानक घसरलं, तर शेरा लिहिण्याआधी मी त्याला एकांतात भेटतो. आजार कोणता, हे विचारत नाही. 'कामात काय बदललं तर सोपं जाईल?' एवढंच विचारतो. माणसं बोलतात.

नवीन सदस्य

हिशेबनीस ताई, माझीही लक्षणं तुमच्यासारखीच आहेत. डॉक्टरांना नेमकं काय सांगू?

हिशेबनीस

अगं, 'थकवा येतो' एवढंच सांगू नकोस. कधीपासून, दिवसाच्या कोणत्या वेळी, झोप किती, पाळी कशी, सगळं कागदावर लिहून ने. माझं हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासली होती. तुला काय लागेल ते डॉक्टर ठरवतील. मन उदास असेल तर तेही त्याच भेटीत सांग, वेगळं ठेवू नकोस. आणि रिपोर्ट येईपर्यंत राजीनामा देऊ नकोस.