वाकायचं ते खुब्यातून

काही जण म्हणतात की पेल्व्हिस ही कमरेखालची हाडांची घट्ट चौकट, ती हलतच नाही, म्हणून भातलावणीला वाकायचं ते मणक्यांतूनच. चौकट घट्ट आहे हे खरं. त्रिकास्थी (मणक्यांच्या तळाचं तिकोनी हाड) आणि दोन्ही बाजूंची हाडं मागे जिथे जुळतात, त्या सांध्यात जेमतेम 2-4 अंश हालचाल होते. पण ही अख्खी चौकट मांडीच्या हाडांच्या दोन गोल डोक्यांवर तोललेली असते आणि तिथे, म्हणजे खुब्यात, ती चांगली पुढे-मागे कलते. वाकण्याचा मोठा वाटा तिथूनच यायला हवा.

तो येत नाही याचं कारण बऱ्याचदा मांडीच्या मागचे स्नायू. त्यांचं वरचं टोक बसायच्या हाडाला आणि खालचं गुडघ्याच्या खाली. गुडघे ताठ ठेवून वाकलं की ते ताणतात, चौकटीला मागून धरून ठेवतात आणि उरलेलं सगळं कमरेवर येतं. मालवणकडे आमची काकी कुणग्यात (भाताच्या छोट्या वाफ्यात) तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावते तेव्हा गुडघे जरा मोडलेले, बूड मागे, मूठ धरलेल्या डाव्या हाताचं कोपर मांडीवर टेकलेलं. पाठ जवळजवळ सरळ. करून बघा: कमरेच्या बाजूच्या हाडांच्या कडांवर तळवे ठेवा, आधी गुडघे ताठ ठेवून वाका, मग थोडे मोडून. दुसऱ्या खेपेला कडा पुढे फिरताना हाताला स्पष्ट लागतात.

बाळंतपणानंतर मात्र काही महिने चौकटीचे सांधे सैल असू शकतात. त्या बाईला दिवसभर चिखलात वाकवू नका, लावणी चार दिवस लांबली तरी चालेल.