पॅडल वर ओढा म्हणे!

घाटवेडा:
रविवारच्या सायकल ग्रुपवर परवा एक लांबलचक पोस्ट फिरली. म्हणणं असं, की आपण पॅडल नुसतं खाली दाबतो, वर येणारा पाय फुकट बसून येतो, म्हणून निम्मी ताकद वाया जाते. तेव्हा क्लीट (बूट पॅडलला अडकवणारी खिटी) घ्या, तळाशी बुटाचा चिखल पुसल्यासारखा पाय मागे न्या, मग वर ओढा. 'गोल' पॅडल मारा आणि कात्रजचा जुना घाट हसत चढा. खाली धडाधड अंगठे पडले. गप्प बसणार होतो, पण राहवत नाही.

निम्मी ताकद वाया जाते ती कुठे? दोन्ही क्रँक, म्हणजे पॅडलचे दांडे, एकाच धुरीवर आहेत. वर येणाऱ्या पायाचं वजन खाली जाणारा पाय तोलतो, ते कुठे हरवत नाही. उलट मुद्दाम ओढायला लागलात की काम जांघेतल्या लहान स्नायूंवर पडतं. कुल्ल्याचे आणि मांडीचे दांडगे स्नायू असताना हे उद्योग कशाला?

हे माझ्या मनाचं नाही. २००७ मध्ये कॉर्फ आणि मंडळींनी सायकलपटूंना २०० वॅट आणि मिनिटाला ९० फेऱ्यांवर चार तऱ्हांनी पॅडल मारायला लावलं: नेहमीसारखं, गोल, वर ओढून आणि खाली दाबून. ओढणाऱ्यांचा जोराचा आलेख सुबक आला, पण तेवढ्याच कामाला शरीराचा खर्च वाढला. गोल मारून नेहमीपेक्षा काही फायदा नाही. त्याआधी १९९१ मध्ये कॉइलने अव्वल सायकलपटू तपासले, तर ते इतरांपेक्षा जोरात खाली दाबत होते. विषय संपला.

केडन्सकाका:
संपला कसा? कॉर्फच्या प्रयोगात माणसं किती, ते सोयीस्कर गाळलंत. आठ! जन्मभर दाबत आलेल्या माणसाला आज ओढ म्हटलं तर दम लागणारच. काही महिने सराव करून घ्या आणि मग मोजा. मी ट्रेनरवर (सायकल जागेवरच फिरवायच्या स्टँडवर) एका पायाने पॅडल मारतो. सुरुवातीला वरच्या टोकाला चेन ठक्क करते, पुढे ती ठक्क जाते. बोपदेव घाटात या माझ्याबरोबर, मग अभ्यास सांगा. टूर द फ्रान्स शर्यतीतले आर्मस्ट्राँग आणि उलरिख आठवा. एक भराभर फिरवणारा, दुसरा जड गिअर रेटणारा. कोण जिंकायचं?

काळी_अटलास:
काका, आर्मस्ट्राँगची टूरची सातही विजेतेपदं उत्तेजक औषधांपायी २०१२ मध्ये काढून घेतली. त्याच्या पायात नुसता केडन्स (पॅडल फिरवायचा वेग) नव्हता.

केडन्सकाका:
उलरिख तरी कुठे धुतल्या तांदळाचा होता? हिशेब बरोबरीत. टिंगल झाली असेल तर मुद्द्यावर या.

घाटवेडा:
मुद्दाच घ्या. भराभर फिरवणं वेगळं आणि वर ओढणं वेगळं, तुम्ही दोन्हीची खिचडी करताय. १७० मिमीच्या क्रँकवर २०० वॅट काढायला ९० फेऱ्यांत पॅडलवर सरासरी साधारण १३ किलोचा जोर लागतो, ६० फेऱ्यांत १९ किलोचा. गुडघे वाचतात ते यामुळे. त्याला हलका गिअर पुरतो, चिखल पुसावा लागत नाही.

मुक्ताची_सायकल:
तुमचं वॅट-बिट चालू द्या. या ग्रुपमधल्या किती जणांची सीट धड उंचीवर आहे? माझी नवी सायकल दुकानदाराने सीट पार खाली करून दिली. "ताई, दोन्ही पाय टेकले पाहिजेत." शेजारी माझ्याच उंचीचा मुलगा उभा, त्याची सीट बरोबर वर! पुढे गुडघ्याच्या वाटीपाशी दुखायला लागलं, डॉक्टर म्हणाले सायकल बंद करा. शेवटी एका मैत्रिणीने सीट चार बोटं वर केली. दुखणं गेलं. गोल की चौकोनी, ते नंतर बघू.

काळी_अटलास:
आम्ही दांड्याखालून पाय घालून कैची मारत शिकलो, सीटवर बूड टेकायला सातवी उजाडली. दूधवाले दोन्हीकडे कॅन लटकवून, चपलेच्या मधोमध पॅडल धरून गावंच्या गावं पालथी घालायचे. कुणाचे गुडघे गेले? आणि बायकांना सिग्नलला पाय टेकायची भीती वाटते, म्हणून दुकानदार सीट खाली करतो. त्याचं काय चुकलं?

मुक्ताची_सायकल:
दूधवाल्यांचे गुडघे गेले नाहीत, की तुम्हाला सांगायला आले नाहीत? सिग्नलला सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा असतो, सीटवर बसून नाही. एवढं तुम्हालाही कुणी शिकवलेलं दिसत नाही. भीती म्हणे!

केडन्सकाका:
सीटसाठी वेगळा धागा काढा. इथे तंत्राची चर्चा चालू आहे.

मुक्ताची_सायकल:
सीट खाली असेल तर गुडघा छातीशी येतो. त्यात गोल फिरवून दाखवा, मग धागा काढते.

नाशिकचा_गडी:
ती पोस्ट वाचून मी क्लीट घेतल्या. पहिल्याच आठवड्यात सिग्नलला पाय सुटेना, रिक्षासमोर सायकलसकट आडवा. रिक्षावाला म्हणतो, "साहेब, पाय कुणी बांधलेत?" कोपर अजून काळंनिळं आहे. ताई, सीटचं माप कसं घ्यायचं तेवढं सांगा.

केडन्सकाका:
क्लीट धरणारी पॅडलची स्प्रिंग ढिली करून घ्यायची असते, आधी भिंतीला धरून सराव करायचा असतो. १९८५ मध्ये हिनॉने असल्याच पॅडलवर टूर जिंकली. तोही रिक्षासमोर पडत होता काय?

घाटवेडा:
हिनॉ ओढत होता म्हणून जिंकला, असं म्हणायचंय? क्लीटने पाय एका जागी पक्का राहतो, तेवढा उपयोग मान्य. आणि हेही घ्या: चढ उभा, गिअर संपलेले, उभं राहून रेटायची वेळ आली, तर तेवढ्यापुरतं ओढल्याने जोर मिळतो. शंभर किलोमीटर ओढत जायला सांगू नका.

केडन्सकाका:
म्हणजे ओढायचं असतंच. आभारी आहे.

घाटवेडा:
वर येणाऱ्या पायाचं ओझं दुसऱ्या पायावर लोटायचं नाही, एवढंच. 'हलका ठेवा' आणि 'ओढा' यातलं अंतर तुमच्या पोस्टवाल्याला कळलं असतं, तर मला टंकायला लागलं नसतं.

मुक्ताची_सायकल:
@नाशिकचा_गडी, अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, जाड पुस्तक जांघेत घट्ट वर ओढून धरा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं माप गुणिले ०.८८३. ८० सेंमी असेल तर क्रँकच्या धुरीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७०.६. हा अंदाज आहे, पुढे थोडं खालीवर करा. पुस्तक नसेल तर सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल तळाशी असताना पाय सरळ झाला पाहिजे. गुडघ्यामागे ओढ लागली तर सीट फार वर गेली. पँटच्या शिलाईचं माप देऊ नका, ते नेहमी कमी भरतं.

केडन्सकाका, तुमचा बोपदेवचा फोटो पाहिला. तुमची सीट दोन बोटं खाली आहे.

केडन्सकाका:
तो फोटो वरून काढलाय.