मदत हवी आहे: डावखुऱ्या मुलीसाठी रायफलची स्लिंग, चामड्याची की सिंथेटिक?

नमस्कार मंडळी,

मुलगी आतापर्यंत १० मीटर एअर रायफल मारायची, आता .२२ बोअरची रायफल घेऊन ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून नेमबाजी) आली आहे. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेला याच प्रकारात ब्राँझ मिळालं, तेव्हापासून आम्हा कोल्हापूरकरांच्या पोरांच्या डोक्यात दुसरं काही नाही. एअरमध्ये सगळं उभ्यानेच, त्यामुळे स्लिंगशी (रायफल पेलणाऱ्या हाताचा दंड आणि रायफल यांना जोडणारा पट्टा) कधी संबंध आला नाही. आता नीलिंग (गुडघ्यावर) आणि प्रोनला (पालथं) ती लागणार.

अडचण अशी की ती डावखुरी आहे. रेंजवर उसन्या मिळतात त्या सगळ्या स्लिंग उजव्यांच्या. दंडाभोवतीच्या पट्ट्याचं वळण उलटं असल्यामुळे तिच्या उजव्या दंडावर तो नीट बसत नाही, सारखा खाली घसरतो. प्रोनमध्ये पुढची साइट (नेम धरायची नळीच्या टोकाची खूण) नाडीच्या ठोक्याच्या तालावर उडताना दिसते असं ती म्हणते. थोड्या वेळाने करंगळीला मुंग्या येतात, तो प्रकार वेगळाच. नवी घ्यायचीच आहे, पण डावी मागवावी लागते आणि आधी वापरून बघायची सोय नाही. चामड्याची घेऊ की सिंथेटिक? रुंद पट्टा बरा की अरुंद? सर म्हणतात, "कुठलीही घ्या, सवयीने जमेल." त्यांचा मान राखून विचारतोय.

प्रतिसाद १

दादा, स्लिंग मागवण्याआधी ती दंडावर नेमकी कुठे बसते ते बघा. दंडाच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते. पट्टा तिच्यावर आवळला की ठोका थेट रायफलीत. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं, तिथे एवढंसं हललं तरी नऊ लागतो. पट्टा खांद्याच्या स्नायूखाली, जितका वर जाईल तितका वर घ्या आणि ओढ दंडाच्या बाहेरच्या बाजूने येऊ द्या. तो तिथेच राहावा म्हणून जॅकेटच्या बाहीवर हुक किंवा छोटा पट्टा असतो. तुमचं जॅकेट डावखुऱ्याच्या मापाने शिवलंय ना? नसेल तर हुक नको त्या बाहीवर असणार आणि मग कितीही महाग स्लिंग आणा, घसरणारच.

करंगळीचं बहुतेक कोपरामुळे. कोपराचं टोक सरळ मॅटवर टेकत असेल तर तिथली नस दबते. किंचित आत-बाहेर सरकवून बघा. पूर्ण हातच जड पडत असेल तर मात्र पट्टा फार आवळलाय, लगेच सैल करा.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. मी तरी सिंथेटिकच सुचवेन. चामडं हाताला छान वाटतं, पण घामाने आणि दमट हवेने ताणतं. तुमच्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका, बुरशीही धरते. पहिल्या सिरीजला (गोळ्यांच्या फेरीला) लावलेली लांबी शेवटच्या सिरीजला तीच राहिली पाहिजे, आणि न ताणणाऱ्या पट्ट्यात ते जमतं. रुंदीला नियमानेच ४० मिलिमीटरची मर्यादा आहे. त्या आत राहून दंडाकडचा भाग रुंद आणि आतून न घसरणारा असेल तर दाब पसरतो. बकल असं हवं की एका हाताने घट्ट-सैल करता येईल, आणि पट्ट्यावर आकडे किंवा खुणा हव्यात. प्रोन आणि नीलिंगची लांबी वेगळी, हँडस्टॉपची (रायफलीखालचा, पुढचा हात टेकतो तो अडथळा, स्लिंग तिथेच जोडतात) जागाही वेगळी. दोन्ही वहीत टिपून ठेवायला सांगा.

आणखी एक. स्लिंग लांब सोडून प्रोनमध्ये फार खाली लोळायचा मोह मुलांना होतो. पुढच्या हाताचा जमिनीशी कोन ३० अंशांपेक्षा कमी झाला की पंच उठवतात. रायफलीला स्लिंगचा स्पर्श हँडस्टॉपपाशीच व्हायला हवा, दुसरीकडे कुठेही नाही.

लांबी बरोबर आहे का ते कळायला सोपं आहे: पोझिशन घेतल्यावर तिला हाताची मूठ पूर्ण सैल सोडायला सांगा. रायफल खाली आली तर स्लिंग सैल आहे, ती भार स्नायूंवर पेलतेय.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. जॅकेट तपासलं, हुक खरोखरच डाव्या बाहीवर आहे! शिंप्याकडे दिलंय. सिंथेटिकच घेतो. पुण्या-मुंबईत कोणाकडे डावी स्लिंग असेल आणि एखाद्या रविवारी दंडावर चढवून बघू दिली तर आम्ही येऊ. माप न घेता मागवायला अजून धीर होत नाही. दंडाचा घेर जॅकेटवरून मोजायचा की आतून, तेही कोणी सांगा.