ल्हासा अप्सो घ्यावा का? स्वभाव, केस आणि फसवणूक याबद्दल माहिती हवी

करवंद

लहान चणीचा कुत्रा आणायचं घरात ठरतंय आणि गाडी ल्हासा अप्सोवर येऊन थांबली आहे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, दुपारी घरी सासूबाई, मुलगी नऊ वर्षांची. विकणारे सगळे "एकदम शांत, मांडीवर बसून राहतो, काही त्रास नाही" म्हणतात, म्हणूनच शंका येते. स्वभाव खरंच तसा असतो का? केसांचं काम किती? आणि शिह त्झू या दिसायला सारख्या जातीची भेसळ ल्हासा म्हणून गळ्यात मारतात म्हणे, ती ओळखायची कशी?

चौथामजला

शंका रास्त आहे. मांडीवर बसेल, पण त्याच्या मर्जीनं. तिबेटातल्या मठांत आणि बड्या घरांत हा आतला राखणदार होता. बाहेर दाराशी बांधलेला मॅस्टिफ हा दांडगा कुत्रा, आणि आत हा तिखट कानाचा, परक्या पावलाची चाहूल लागली की घर उठवणारा. जात खरोखर जुनी आहे. २००४ साली 'सायन्स' या नियतकालिकात ८५ जातींचा जनुकीय अभ्यास आला, त्यात लांडग्याशी सर्वांत जवळच्या मोजक्या जातींत ल्हासा निघाला. तेराव्या दलाई लामांनी १९३३ मध्ये सायडम कटिंग या अमेरिकी प्रवाशाला एक जोडी भेट दिली आणि १९३५ मध्ये अमेरिकन केनेल क्लबनं जातीला मान्यता दिली. (लामांचे आत्मे यांच्यात वस्तीला येतात वगैरे कथा विक्रेत्यांकडेच राहू द्या.)

फ्लॅटमध्ये याचा अर्थ असा: लिफ्टचं दार, कुरिअरवाला, शेजाऱ्यांची बेल, प्रत्येकाची नोंद होणार. भुंकणं बंद होत नाही, आटोक्यात आणता येतं. मोबाइलवर आपल्याच बेलचा आवाज भरून घ्या. दारापासून दोन मीटरवर त्याची सतरंजी टाका. आवाज अगदी बारीक लावा, तो सतरंजीवर गेला की वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. रोज पाच मिनिटं, आणि तो न भुंकता जातोय असं दिसल्यावरच आवाज एक पायरी वाढवा. घाईनं मोठा आवाज लावला की आधीचं शिकवलेलं पाण्यात. ओरडू तर नकाच. त्याला वाटतं तुम्हीही साथीला भुंकताय.

नऊ वर्षांच्या मुलीचं जमेल. खाताना हात लावायचा नाही, झोपेतून उचलायचं नाही, मिठी मारून दाबून धरायचं नाही, एवढं तिला आधी सांगा. तीन-चार वर्षांचं मूल असतं तर मी नको म्हटलं असतं. ल्हासा सहन करत बसत नाही, गुरगुरतो. त्या गुरगुरण्यावर मार दिला तर पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावतो.

निवांत

ओळखण्याबद्दल. आठ आठवड्यांची सगळी पिल्लं कापसाचे बोळे दिसतात, म्हणून पिल्लू कमी बघा आणि आई जास्त. मोठ्या ल्हासाचं नाकाड साधारण ४ सेंमी, डोकं त्या मानानं अरुंद, डोळे मध्यम, लंबगोल आणि गडद. शिह त्झूचं डोकं गोल आणि रुंद, नाकाड अडीच सेंमीच्या आसपास, डोळे मोठे नि बटबटीत. केस हाताला लावून पाहा: ल्हासाचे जड, सरळ आणि थोडे राठ, रेशमासारखे किंवा लोकरीसारखे भुरभुरीत नसतात. उंची खांद्याशी २५ सेंमी, वजन साधारण ५ ते ८ किलो. रंगावर जाऊ नका, सोनेरीपासून काळ्यापर्यंत सगळे चालतात, 'दुर्मिळ रंग' म्हणून जादा पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून उठा.

केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) नोंदणीचा कागद असेल तर त्यावरचा मायक्रोचिप क्रमांक व्हेटकडच्या स्कॅनरनं पिल्लाशी जुळवून घ्या; नुसता कागद कुठल्याही पिल्लाला लावता येतो. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे लागते. "पस्तीस दिवसांचं आहे, आजच न्या" म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. त्या वयात आई आणि भावंडांकडून चाव्याचा जोर आवरायला शिकणं अर्धवट राहतं.

या जातीत दोन दुखणी विसरायची नाहीत. एक, मूत्रपिंडं जन्मतःच नीट न घडणं. पिल्लू वाढत नाही आणि पाणी फार पितं. दिवसाला किलोमागे १०० मिली हा धोक्याचा आकडा, म्हणजे ५ किलोच्या कुत्र्यानं अर्ध्या लिटरच्या वर पाणी प्यायलं की लघवी आणि रक्त तपासायचं. दुसरं, कोरडे डोळे. चिकट पिवळट-हिरवी घाण वारंवार येते आणि लोक 'डोळे आले' समजून महिनोन्महिने अँटिबायोटिक थेंब घालत बसतात. व्हेटला अश्रूंची पट्टी लावायला सांगा: पापणीत कागदी पट्टी एक मिनिट ठेवतात, १५ मिमीच्या वर ओल चढली तर ठीक, लक्षणं असून १० च्या खाली असेल तर निदान जवळजवळ पक्कं. उपचार सायक्लोस्पोरिनचं मलम, बहुधा दिवसातून दोनदा आणि जन्मभर. सुधारणा दिसायला काही आठवडे लागतात. मधेच सोडलं तर बुबुळावर काळपट थर चढतो आणि नजर जाऊ शकते.

आईबापांची पीआरए-४ ही डोळ्याच्या पडद्याची डीएनए चाचणी झाली आहे का, तेही विचारा. ब्रीडर बहुतेक वेळा तोंड वेंगाडेल, पण त्यावरून माणूस कळतो.

ताकभात

केसांचं मी सांगते. लांब ठेवलेत तर रोज वीस मिनिटं, सुट्टी नाही. लागणारं सामान: टोकाला गोळी नसलेल्या तारांचा पिन ब्रश (गोळ्यांमुळे केस तुटतात), अर्धा बारीक-अर्धा जाड दात्यांचा स्टीलचा कंगवा, आणि फवाऱ्याच्या बाटलीत कुत्र्यांचा कंडिशनर एक भाग, पाणी दहा भाग. कोरड्या केसांवर ब्रश चालवायचाच नाही.

कुत्र्याला कुशीवर झोपवा. पोटाकडून सुरुवात करून केसांचा एक पदर वर उचला, त्वचा दिसेल अशी रेघ पाडा, फवारा मारा, मुळापासून टोकापर्यंत विंचरा, मग बोटभर वरची पुढची रेघ. वरवर ब्रश फिरवला की कुत्रा चकचकीत दिसतो आणि खाली जटा जमत राहतात. शेवटी कंगवा मुळापासून न अडकता निघाला पाहिजे, हीच परीक्षा. जटा होण्याच्या जागा ठरलेल्या: कानामागे, काखेत, मांडीच्या आत आणि पट्टा घासतो तिथे.

जट सापडली तर मुळाशी चिमटीत धरा म्हणजे त्वचा ओढली जात नाही, थोडं कॉर्नफ्लॉवर चोळा, बोटांनी लांबीच्या दिशेनं दोन, मग चार भाग करा, नंतर कंगव्याचं टोक. आंघोळ मात्र जटा निघाल्यावरच. पाणी लागलं की जट आवळते आणि मग कात्रीशिवाय इलाज नाही. नऊ महिन्यांपासून वर्षभराच्या आसपास पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणाचे येतात, तेव्हा रात्रीत गुंता होतो. बरेच लोक याच टप्प्यावर हात टेकतात. खरं सांगू, तुमच्या घरात सगळीकडून ३ सेंमीचा कट बरा. पाच-सहा आठवड्यांनी ग्रूमर, आणि दिवसाआड दहा मिनिटं कंगवा.

करवंद

उपयोगी माहिती, आभार. दोन शंका उरल्या. ओळखीतले एक जण म्हणतात मार्च आला की झिरो मशीन मारायची. आणि खायला काय? सासूबाई पोळी-रस्सा देणार, हे आत्ताच दिसतंय.

ताकभात

झिरो नको. उघड्या त्वचेला ऊन भाजतं, डास आणि गोचीड थेट चावतात. दीड-दोन सेंमी ठेवा. ल्हासाचे केस वाढतच राहतात, त्यामुळे कापल्यावर ते परत न येण्याची भीती पॉमेरेनियनसारखी नाही. एप्रिल-मेमध्ये फिरणं सकाळी सातच्या आत, संध्याकाळी सातनंतर. हाताची पालथी बाजू डांबरावर सात सेकंद टिकली नाही तर त्याला त्यावर चालवू नका. पावसाळ्यात बाहेरून आल्यावर बोटांमधले केस टॉवेलनं टिपून ड्रायरच्या कोमट वाऱ्यावर कोरडे करा, नाहीतर तिथे बुरशी धरते आणि तो पंजे चाटत बसतो.

चौथामजला

रस्सा बंद. कांदा शिजवला तरी त्यातलं विष जात नाही, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. लसणाचंही तेच. द्राक्षं, मनुका, चॉकलेटही नाही. प्रसादाच्या शिऱ्यातल्या बेदाण्यांकडे लक्ष ठेवा. नसबंदी झालेल्या ७ किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला ४०० ते ४५० कॅलरी पुरतात, म्हणजे साधारण ११० ते १२० ग्रॅम कोरडं खाणं, दोन वेळा विभागून, वजनकाट्यावर मोजून. सासूबाईंना द्यायचंच असेल तर त्यातूनच दहा-बारा दाणे सकाळी एका डबीत काढून ठेवा. हात त्यांचा, हिशोब तुमचा.